बशीत उरलेली स्प्रिंग

चाकणच्या वाहन कारखान्यांत 'इथे पोकायोके लावा' असं कुणी म्हणालं, तर अर्थ विचारत कुणी थांबत नाही. शब्द जपानी, पण आता आपल्यात मुरलेला. मात्र त्याचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं.

१९६१ साली शिगेओ शिंगो हे अभियंते यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले. तिथे एक छोटा स्विच जुळवला जाई : दोन कळा, प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग. काम पोरखेळ वाटावं इतकं सोपं, आणि म्हणूनच मन भरकटे. अधूनमधून एखादी स्प्रिंग घालायची राहून जाई आणि तसाच स्विच गिऱ्हाइकाकडे पोचे. साहेब कामगारांना झापत. चार दिवस सगळं सुरळीत चाले, मग पुन्हा तेच.

शिंगोंनी समज दिली नाही, एक बशी दिली. आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मग जुळणी करायची. स्विच पुरा झाला आणि बशीत स्प्रिंग दिसली, तर विसर जागच्या जागी उघडा. खर्च जवळजवळ शून्य. मला तर यातलं खरं कसब बशीपेक्षा एका कबुलीत दिसतं : माणूस विसरणारच, हे शिंगोंनी आधीच गृहीत धरलं होतं.

अशा युक्त्यांना तेव्हा 'बाका-योके' म्हणत. मराठीत 'बाका' प्रसंग असतो. जपानीत 'बाका' म्हणजे मूर्ख. मूर्खपणा टाळणारी योजना! १९६३ मध्ये आराकावा या गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात आसनांच्या वेल्डिंगवर अशी योजना बसवली. डावे-उजवे भाग अदलाबदल होतात म्हणून ही बसवली आहे, असं वरिष्ठांनी सांगताच एक कामगार बाई रडू लागली. आपण इतक्या मूर्ख आहोत का, हा तिचा सवाल. दुसऱ्या दिवशी ती कामावर आलीच नाही.

शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं. 'पोका' म्हणजे अनवधानाने झालेली चूक. गो आणि शोगी या पटावरच्या खेळांत भलत्याच चालीलाही हाच शब्द. 'योके' म्हणजे टाळणं. यंत्रणा तीच राहिली, ठपका माणसावरून उतरला.

कल्पना मात्र नावाहून जुनी. जपानी संशोधक साकिची तोयोदांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. आणि आपल्या घरातला तीन पिनांचा प्लग अंधारात चाचपडत लावला तरी उलटा बसत नाही. वरची जाड पिन खालच्या भोकांत शिरतच नाही. शिवाय ती लांब असल्याने अर्थिंग आधी जोडलं जातं, वीज मागून येते.