बालपणीची अन्न-ॲलर्जी आणि अमेरिकी सैन्यदलांतील अधिकारीपदाची वैद्यकीय पात्रता

बालपणीची अन्न-ॲलर्जी हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांच्या वैद्यकीय तपासणीतील एक महत्त्वाचा व अनेकदा निर्णायक ठरणारा मुद्दा आहे. भुईमूग, अक्रोड-काजूंसारखी कवचफळे, मासे अथवा कोळंबी-खेकडे यांसारखे जलचर खाल्ल्यामुळे एखाद्या व्यक्तीला पूर्वी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली असेल, तर ती घटना कितीही लहान वयात घडलेली असली तरी ती व्यक्ती सैन्यप्रवेशाच्या सर्वसाधारण निकषांनुसार अपात्र ठरते. ही अपात्रता मात्र अंतिम नसते. ॲलर्जी नाहीशी झाल्याचा किंवा मूळ निदानच चुकीचे असल्याचा पुरावा सादर करता येतो, तसेच संबंधित सैन्यदल आपल्या अधिकारात सूट देऊ शकते.

अन्न-ॲलर्जीचे स्वरूप

एखाद्या अन्नपदार्थातील प्रथिनाला शरीराची प्रतिरक्षा संस्था अपायकारक समजून प्रतिकार करते, तेव्हा अन्न-ॲलर्जी उद्भवते. तिच्या प्रमुख प्रकारात आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात व ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की या पेशींमधून हिस्टामिन व इतर रसायने बाहेर पडतात आणि सामान्यतः काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंतच्या अवधीत लक्षणे दिसू लागतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ व डोळे सुजणे, उलट्या होणे, श्वास घेताना घरघर होणे ही त्यांतील नेहमीची लक्षणे होत. एकाच वेळी अनेक इंद्रियसंस्था बाधित होऊन श्वसनमार्ग आकुंचन पावला किंवा रक्तदाब झपाट्याने उतरला, तर त्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. तिच्यावरील पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत तत्काळ दिलेले एपिनेफ्रिनचे इंजेक्शन होय.

दूध प्यायल्यावर पोट फुगणे हे पुष्कळदा दुग्धशर्करा न पचल्याचे लक्षण असते. ती ॲलर्जी नव्हे. तसेच आंबट फळांच्या रसाने तोंडाभोवती उठणारे चट्टे हा अनेकदा त्वचेचा केवळ स्थानिक दाह असतो. बोलीभाषेत मात्र या सर्वांना सरसकट ‘ॲलर्जी’ म्हटले जाते आणि हाच शब्द कित्येकदा बालकाच्या वैद्यकीय नोंदीत कायमचा उतरतो. अधिकारीपदाच्या तपासणीत या भेदाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

वयानुसार होणारे बदल

दूध व अंडी यांची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शालेय अथवा किशोरवयापर्यंत ते पदार्थ सोसू लागतात. भुईमुगाची ॲलर्जी सुमारे २० टक्के मुलांमध्ये, तर कवचफळांची सुमारे १० टक्के मुलांमध्ये कालांतराने नाहीशी होते. मासे व कवचधारी जलचर यांची ॲलर्जी बहुधा आयुष्यभर टिकते. भुईमूग ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या कवचफळ नसून शेंगवर्गीय वनस्पती आहे. म्हणून भुईमुगाची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला बदाम किंवा काजू वर्ज्य असतातच असे नाही. तथापि काही व्यक्तींमध्ये दोन्ही ॲलर्जी एकत्र आढळतात.

वैद्यकीय निकष

अमेरिकेच्या संरक्षण विभागाची ६१३०.०३ क्रमांकाची सूचना सर्व सैन्यदलांतील प्रवेशासाठी आरोग्याचे समान निकष ठरवून देते. मे २०१८ पासून लागू झालेल्या व पुढे वेळोवेळी सुधारलेल्या या सूचनेच्या पहिल्या खंडात नियुक्ती, भरती व सक्तीची सैन्यसेवा यांसाठीचे निकष आहेत. अन्न-ॲलर्जीच्या संदर्भात त्यांतील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद ॲनाफिलॅक्सिसविषयी आहे. अन्नपदार्थ, अन्नातील मिश्रके, कीटकदंश, नैसर्गिक रबर यांमुळे अथवा अज्ञात कारणाने ॲनाफिलॅक्सिस झाल्याचा पूर्वेतिहास असल्यास उमेदवार निकषात बसत नाही. कीटकदंशाच्या बाबतीत विषाविरुद्धची दीर्घ प्रतिरक्षा-चिकित्सा पूर्ण केलेल्यांना काही मोकळीक आहे. दुसऱ्या तरतुदीनुसार मासे, कवचधारी जलचर, भुईमूग व कवचफळे यांची तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया आल्याचा पूर्वेतिहास अपात्रतेस कारण होतो. त्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे रक्तात आढळणे हेही यात समाविष्ट आहे. मात्र त्यांच्या जोडीला तशी प्रत्यक्ष लक्षणे दिसल्याचा इतिहास असला पाहिजे. केवळ चाचणीचा आकडा वाढलेला असणे आणि तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होणे या दोन गोष्टी निकषात अशा रीतीने वेगळ्या ठेवल्या आहेत.

दूध, अंडी, गहू व सोयाबीन यांचा दुसऱ्या तरतुदीत नामनिर्देश नाही. त्यांच्यामुळे ॲनाफिलॅक्सिस झालेला असल्यास मात्र पहिली तरतूद लागू होते.

वयोमर्यादेचा अभाव हे या निकषाचे ठळक वैशिष्ट्य होय. दम्याच्या बाबतीत वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतरचा, तर इसबाच्या बाबतीत बाराव्या वाढदिवसानंतरचा इतिहास विचारात घेतला जातो. अन्न-ॲलर्जीसाठी अशी मर्यादा नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या बालकाला शेंगदाण्याच्या लोण्यामुळे आलेली प्रतिक्रिया सतराव्या वर्षी अर्ज करतानाही तितकीच प्रस्तुत ठरते.

परीक्षणाची पद्धत

शिपाई म्हणून भरती होणाऱ्यांची तपासणी सैन्यप्रवेश केंद्रांवर होते. अधिकारीपदाच्या बहुतांश शैक्षणिक मार्गांसाठी मात्र संरक्षण विभागाचे स्वतंत्र वैद्यकीय परीक्षण पुनरावलोकन मंडळ आहे. हे मंडळ कोलोरॅडो राज्यात, वायुसेना अकादमीच्या आवारात आहे. १८०२ मध्ये स्थापन झालेली वेस्ट पॉइंट येथील भूसेना अकादमी, १८४५ ची ॲनापोलिस येथील नौसेना अकादमी, १९५४ ची वायुसेना अकादमी, तसेच तटरक्षक दल व व्यापारी नौवहन यांच्या अकादमी यांच्या उमेदवारांचे वैद्यकीय मूल्यमापन तेथे होते. नागरी विद्यापीठांतून अधिकारी घडविणाऱ्या राखीव अधिकारी प्रशिक्षण दलाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारे विद्यार्थीही याच मंडळाच्या कक्षेत येतात.

उमेदवार प्रथम आपल्या आरोग्याचा पूर्वेतिहास विहित प्रश्नावलीत नोंदवितो. त्यानंतर कंत्राटी पद्धतीने नेमलेले नागरी डॉक्टर त्याची शारीरिक व दृष्टीची तपासणी करतात. तपासणी करणारा डॉक्टर पात्रतेचा निर्णय देत नाही. तो निष्कर्ष मंडळाकडे पाठवितो. मंडळ उमेदवाराला पात्र अथवा अपात्र ठरविते किंवा अधिक माहिती मागविते. अन्न-ॲलर्जीचा उल्लेख असल्यास प्रतिक्रियेच्या वेळच्या मूळ नोंदी, चाचण्यांचे अहवाल व ॲलर्जीतज्ज्ञांचे मत अशी कागदपत्रे सामान्यतः मागितली जातात.

चाचण्या व त्यांचे पुराव्यादाखल मूल्य

त्वचाचाचणीत संशयित पदार्थाचा अर्क त्वचेवर ठेवून तेथे सुईने अलगद टोचले जाते व उठलेल्या गांधीचा व्यास मोजला जातो. रक्तचाचणीत विशिष्ट आयजीईचे प्रमाण काढले जाते. या दोन्ही चाचण्या संवेदीकरण दाखवितात. प्रत्यक्ष ॲलर्जी सिद्ध करीत नाहीत. परिणामी, एखादा पदार्थ निर्वेधपणे खाणाऱ्या व्यक्तीतही त्या होकारार्थी येऊ शकतात. उदाहरणार्थ, भूर्ज वृक्षाच्या परागकणांतील एका प्रथिनाशी भुईमुगातील एका प्रथिनाचे साम्य असल्यामुळे परागांची ॲलर्जी असलेल्यांची भुईमुगाची चाचणी होकारार्थी येणे संभवते. म्हणून अलीकडे भुईमुगातील निरनिराळ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे स्वतंत्रपणे मोजली जातात. त्यांपैकी ‘आरा एच २’ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा खऱ्या ॲलर्जीशी निकटचा संबंध आढळतो.

सर्वांत भक्कम पुरावा तोंडावाटे केलेल्या अन्न-आव्हान चाचणीचा मानला जातो. तीत ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणीबाणीची औषधे हाताशी ठेवून, संशयित पदार्थ अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढत्या प्रमाणात खाऊ घातला जातो आणि शेवटच्या मात्रेनंतर काही तास निरीक्षण केले जाते. पूर्ण मात्रा सोसल्यास ती व्यक्ती त्या पदार्थाला सहनशील समजली जाते. हा प्रयोग घरी करून पाहणे धोकादायक असते, कारण पूर्वीच्या सौम्य प्रतिक्रियेवरून पुढील प्रतिक्रियेच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय घरी केलेल्या अशा प्रयोगाला वैद्यकीय पुरावा म्हणून फारसे मूल्य नसते.

सूट

निकषात न बसणाऱ्या उमेदवाराला सामावून घेण्याच्या अधिकृत निर्णयास सूट म्हणतात. पुनरावलोकन मंडळाला सूट देण्याचा अधिकार नाही. तो संबंधित अकादमीच्या अथवा सैन्यदलाच्या अधिकाऱ्यांकडे असतो. मंडळ फक्त निकषाशी ताडून पाहते, तर सूट देणारा अधिकारी उमेदवाराची सध्याची प्रकृती, सेवेतील जोखीम आणि दलाची गरज यांचा विचार करतो. प्रत्येक दल स्वतंत्रपणे निर्णय घेत असल्याने एकाच उमेदवाराला एका दलात सूट मिळणे व दुसऱ्यात नाकारली जाणे शक्य असते. सूट हा उमेदवाराचा हक्क नाही. १९९० च्या अमेरिकी अपंगत्वविषयक कायद्याचे संरक्षणही गणवेशधारी सैन्यसेवेला लागू होत नाही.

अपात्रतेचा शेरा मिळालेल्या उमेदवारापुढे दोन भिन्न मार्ग असतात. मुळात ॲलर्जी नव्हतीच असे नव्या तपासणीने दाखविता आल्यास अपात्रतेचा आधारच दूर होऊ शकतो. ॲलर्जी खरी होती, परंतु आता ती राहिलेली नाही, अशी स्थिती असल्यास पूर्वेतिहास कायम राहतो व सुटीचा विचार होतो. दोन्ही मार्गांना वेळ लागतो. अकादमींचे प्रवेश ठरावीक मुदतीत होत असल्यामुळे अन्न-आव्हान चाचणीसाठी तज्ज्ञांची वेळ मिळण्यास झालेला उशीरही उमेदवाराला महागात पडू शकतो.

निकषामागील कारणे

सैनिकाला अन्नाची निवड मर्यादित असते. युद्धनौका, पाणबुडी किंवा दूरच्या तळावर एकाच भोजनगृहावर अवलंबून राहावे लागते. रणक्षेत्रात वाटल्या जाणाऱ्या बंद शिध्यातील काही पाकिटांत शेंगदाण्याचे लोणी व सुका मेवा असतो. परदेशी तळांवर स्थानिक अन्नातील घटकांची खात्री देता येत नाही.

उपचारांच्या बाबतीतही अडचणी असतात. एपिनेफ्रिनचे स्वयंचलित इंजेक्शन २० ते २५ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. वाळवंटातील उष्णतेत किंवा कडाक्याच्या थंडीत ते पाळणे कठीण असते. ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतात, म्हणून रुग्णाला रुग्णालयात हलविणे आवश्यक ठरते. तुकडीचा नायक अशा रीतीने अकस्मात निकामी झाल्यास त्याच्या जिवाबरोबरच त्याला बाहेर काढणारे व त्याच्या आदेशावर विसंबून असलेले सैनिकही संकटात सापडतात.

या स्वयंचलित इंजेक्शनाचे मूळ सैनिकी संशोधनातच आहे. रासायनिक अस्त्रांतील मज्जाविषांवर उतारा देण्यासाठी सैनिकांकरिता बनविलेल्या उपकरणावरून शेल्डन कॅप्लान या अभियंत्याने ॲलर्जीच्या रुग्णांसाठीचे इंजेक्शन विकसित केले. ‘एपिपेन’ या नावाने त्याला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

नवे उपचार

भुईमुगाच्या ॲलर्जीवरील ‘पालफोर्झिया’ या तोंडावाटे घ्यावयाच्या प्रतिरक्षा-चिकित्सेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅब हे औषध अन्न-ॲलर्जीच्या रुग्णांसाठी मान्य झाले. या दोन्ही उपचारांचा हेतू चुकून पोटात गेलेल्या अल्प मात्रेपासून संरक्षण मिळविणे हा आहे. ते घेत असतानाही संबंधित पदार्थ वर्ज्यच ठेवावा लागतो आणि त्यांचे संरक्षण टिकविण्यासाठी औषध नियमित घ्यावे लागते. त्यामुळे उपचाराने कमी झालेली संवेदनशीलता व नैसर्गिकरीत्या आलेली कायमची सहनशीलता यांत भेद करणे आवश्यक ठरते.

माहिती लपविण्याचे परिणाम

प्रश्नावलीतील माहिती खरी असल्याचे उमेदवाराला स्वाक्षरीनिशी सांगावे लागते. पात्रतेसंबंधीची वस्तुस्थिती जाणीवपूर्वक लपवून नियुक्ती मिळविणे हा लष्करी न्यायसंहितेच्या कलम १०४-अ नुसार गुन्हा आहे. २०२२ पासून सैन्यप्रवेश केंद्रांवर ‘एमएचएस जेनेसिस’ ही संगणकीय नोंदप्रणाली वापरात आली. तिच्याद्वारे नागरी रुग्णालयांतील जुन्या नोंदीही पाहता येऊ लागल्याने बालपणीचे विस्मृतीत गेलेले निदान पुढे येण्याची शक्यता वाढली आहे. चुकीच्या नोंदीवरील योग्य उपाय ती दडविणे हा नसून तज्ज्ञांकडून पुनर्तपासणी करून घेऊन तिचे निराकरण करणे हा होय.

बदललेला बालआहारविषयक सल्ला

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बालकांना तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नये, असा सल्ला दिला होता. पुराव्याअभावी २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला. लंडन येथे गिडियन लॅक व सहकाऱ्यांनी ६४० बालकांवर केलेला ‘लीप’ हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक धोका असलेल्या बालकांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात भुईमूग देण्यास सुरुवात केल्यास ॲलर्जीचे प्रमाण पाचव्या वर्षापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. त्यानुसार २०१७ मध्ये अमेरिकेत नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. २००० च्या दशकात जन्मलेली, जुन्या सल्ल्याच्या छायेत वाढलेली मुलेच पुढे अधिकारीपदाचे उमेदवार म्हणून या निकषाला सामोरी गेली.

हे सुद्धा पहा

ॲलर्जी
ॲनाफिलॅक्सिस
दमा
भुईमूग
वेस्ट पॉइंट