पाळी, अभ्यास आणि तासांचा हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारे यंत्रमाग पाळ्यांमध्ये चालतात. तेथल्या कामगाराला पदवी घ्यायची असेल, तर दिवसा वर्गात बसणार कसे? हा प्रश्न जुना आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही परीक्षेस बसू दिले. शिकण्याची सोय मात्र ज्याची त्याने करायची. १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने शिकवण्याचीही जबाबदारी घेतली. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला.

पुढे टपालाने येणाऱ्या पुस्तकांच्या जोडीला ऑनलाइन पाठ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम एका चौकटीत आणले.

आपण हिशेब करून पाहू. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास, म्हणजे रोज एक तास धरला तर चार महिने. ठरल्या वेळी वर्गात बसण्याची अट सुटली, तासांची सुटली नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात हा तास बहुधा झोपेतूनच काढावा लागतो. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या प्रौढाला शुल्काच्या आकड्याआधी आपण हा आकडा सांगायला हवा.