हैतीच्या बायका आणि दारात आलेली तपासणी

आज जरा लांबच्या बायकांविषयी बोलते. हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश, गुलामांनी बंड करून 1804 साली स्वतंत्र केलेला. तिथे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने आजही खूप बायका दगावतात. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. संसर्गापासून कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा वेळ हाताशी असून बाई जाते, म्हणजे अडतं कुठे?

नुसत्या गरिबीवर बोट ठेवून चालणार नाही. डुवालिए बापलेकांच्या हुकूमशाहीत, 1957 ते 1986 या काळात, हजारो लोक देश सोडून गेले. कित्येक जण होड्यांतून अमेरिकेतल्या मायामीला पोचले. त्यांच्या वस्तीला 'लिटल हैती' म्हणतात. शहरात मोठे दवाखाने, पॅप तपासणी तर 1940 च्या दशकापासूनची. तरी बाकी मायामीपेक्षा याच वस्तीत हा कॅन्सर कितीतरी जास्त.

1983 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने एड्सचा धोका असलेल्यांच्या यादीत 'हैतीचे लोक' असं सरसकट लिहिलं. एखादी सवय नाही, आजार नाही, अख्खा देशच! दोन वर्षांनी नाव काढलं, पण डाग राहिला. 1990 मध्ये त्यांच्या रक्तदानावर बंदी आली. तेव्हा 20 एप्रिलला हजारो हैतीवासी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून मोर्चाने गेले आणि त्याच वर्षी बंदी उठली. आता सांगा, ज्यांनी तुमच्या रक्ताला नावं ठेवली, त्यांच्याकडे आतली तपासणी करून घ्यायला पाय उचलेल का? त्यात भाषा क्रिओल, कुणाकडे कागदपत्रं नाहीत. मग दुखणं अंगावर काढायचं.

पुढे मायामी विद्यापीठातल्या एरिन कोबेट्झ यांनी वस्तीतल्या संस्थांना हाताशी धरलं. त्याच वस्तीतल्या, क्रिओल बोलणाऱ्या आरोग्यसेविका घरोघरी गेल्या. बाईने आपल्याच न्हाणीघरात जाऊन कापसाच्या काडीसारख्या साधनाने स्वतः नमुना घ्यायचा. ना टेबल, ना परका डॉक्टर. काम दाराशी आलं की बाई तयार होते, हे बचत गटात आपणही रोज बघतो.

एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात याचा एक मोठा पुरावा तर आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. 1999 पासून तिथल्या गावांत 1,30,000 हून अधिक बायकांवर अभ्यास झाला. ज्या गावांत एकदाच ही तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली हे जगापुढे आलं.

खुद्द हैतीत मात्र तपासणीनंतरची वाट खडतर आहे. सुरुवातीला सापडलं तर तिथेच उपचार होतात. पण वाढलेल्या कॅन्सरला शेक द्यायचं यंत्र देशात नव्हतं, त्यासाठी शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात जावं लागे. 2023 च्या सप्टेंबरात दोन देशांत कालव्यावरून वाद झाला आणि काही आठवडे ती सरहद्दही बंद राहिली.