तबकडीवर न उतरलेला आवाज : सुरतकरांचे संगीतश्रवण आणि त्याची साधने

मराठी संगीताच्या इतिहासात सुरतेच्या परिसराचे स्थान सांगावयाचे झाल्यास आरंभ कठोर या गावापासून करावा लागेल. सुरतेजवळच्या, पूर्वी बडोदे संस्थानात मोडणाऱ्या या गावी १७ ऑक्टोबर १८६९ रोजी भास्करबुवा बखले यांचा जन्म झाला. बडोद्यास फैजमहंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि त्यानंतर अल्लादिया खाँ अशा थोर गुरूंकडून विद्या मिळवून बुवांनी महाराष्ट्राच्या गायनाला नवे वळण दिले. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. मास्तर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, बालगंधर्व यांच्यासारखे शिष्य तयार केले. ८ एप्रिल १९२२ रोजी ते निवर्तले. एवढे सारे उपलब्ध असून बुवांचा आवाज मात्र आज कोणालाही ऐकता येत नाही, कारण त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही.

हे घडले ते यंत्र नव्हते म्हणून नव्हे. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रेडरिक गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यास भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. म्हणजे बुवांच्या आयुष्याची शेवटची वीस वर्षे ध्वनिमुद्रणाच्या युगातच गेली. त्यांचे समकालीन अब्दुल करीम खाँ यांनी त्या पहिल्या दशकातच तबकड्या दिल्या. बुवांच्या गाण्याची मात्र वर्णने तेवढी उरली. ऐकण्याच्या साधनांचा विचार करताना या उणिवेची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. यंत्राने काय बिघडवले याची चर्चा नेहमी होते. यंत्र नसते तर काय उरले असते, याचे उत्तर कठोर गावच्या या थोर पुत्राने देऊन ठेवले आहे.

यंत्रापूर्वीच्या काळी गाणे ऐकण्यासाठी मनुष्याला गाण्याकडे जावे लागे. सुरतेचा मराठी माणूस या बाबतीत एका तिठ्यावर उभा होता. उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवर बडोदे. तेथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली, दरबारी कलावंत नांदले आणि नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडले. दक्षिणेस मुंबई, १८६४ पासून लोहमार्गाने जोडलेली. पूर्वेस खानदेश, तापीच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि जळगाव-अमळनेरकडचा मुलूख सुरतेला जोडला गेला. बडोद्याचे दरबारी गाणे, मुंबईचे नाटक आणि खानदेशातील जात्यावरची ओवी अशा तीन दिशांना येथील मराठी कान लागलेले असत. यंत्रे आली तेव्हा त्यांनी या तीन दिशा एकेक करून घरात आणल्या. मात्र प्रत्येक यंत्राने गाण्याबरोबर ऐकणाऱ्यांची बैठकही आपल्या सोयीने मांडली. पुढील शंभर वर्षांचा इतिहास मुख्यतः या बदलत्या बैठकीचा इतिहास आहे.

ग्रामोफोनच्या आरंभीच्या पद्धतीत विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालावे तसे समोर उभे राहून चढ्या आवाजात गावयाचे, त्या कंपनांनी मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची, आणि त्या ठशावरून लाखेच्या तबकड्या निघावयाच्या. सुरुवातीला हे छापकाम जर्मनीत हॅनोव्हर येथे होत असे; तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गौहरजान गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव सांगत असे. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तंबोऱ्याचा मंद नाद त्या कर्ण्यात जवळजवळ पोहोचतच नसे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोनमुळे हळुवार आवाजही टिपला जाऊ लागला. परंतु तीन मिनिटांची मर्यादा तशीच राहिली.

या मर्यादेचा अर्थ नाट्यसंगीताच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. रंगभूमीवर ध्वनिवर्धकाशिवाय गाणारे बालगंधर्व प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’ला मान देऊन एकच पद पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या अंगाने खुलवीत. त्या पदाची लांबी रसिक आणि गायक मिळून ठरवीत. तबकडीवर ती कंपनीने ठरविली. विस्तार गेला आणि पदाचा अर्क तेवढा राहिला. पण हा अर्क ज्याच्या घरी ग्रामोफोन होता त्याच्या दिवाणखान्यात केव्हाही काढता येऊ लागला. भास्करबुवांचा आवाज हरपला, तरी ‘स्वयंवर’मधील त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या कंठातून तबकडीवर उतरल्या. गुरू मुका राहिला आणि शिष्याच्या मुखाने बोलला, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रामोफोन ही मोलाची वस्तू होती आणि म्हणूनच ती एकट्याची राहू शकत नसे. एका घरी यंत्र असे व ऐकणारे शेजारपाजारचे असत. चावी कोणी द्यावयाची, सुई कोणी बदलावयाची, पुढची तबकडी कोणाच्या आवडीची लावावयाची, यांवरून मानपान ठरत. चावी उतरत आली की गायकाचा स्वरही उतरू लागे आणि मंडळी हसत. प्रत्येक बाजूनंतर उठावे लागत असल्याने तेवढ्यात ऐकलेल्यावर बोलणे होई. आपल्या आवडीचे गाणे दुसऱ्याला ऐकविणे म्हणजे त्याला आपल्या घरी बोलावणे, असा त्या काळचा अर्थ होता.

तबकडी दुकानातही वाजे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला फुकट ऐकू येई. गदगचे बालक भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी अशाच एका तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घर सोडले, ही हकीकत पंडितजींनीच पुढे सांगितली आहे. तीन मिनिटांचा, खरखरीचा, कर्ण्यातून आलेला तो आवाज. परंतु त्याने एक आयुष्य ठरविले. साधन अपुरे असले म्हणजे श्रवण अपुरे होते असे नाही, याला याहून मोठा पुरावा नको.

त्यानंतर आला रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या आश्रयाने थोडे अंतर चालतात. रात्री मात्र वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे मुंबईपासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या गावाला दिवसा क्षीण वाटणारे केंद्र रात्री जवळ येते. गुजराती मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला रात्रीचा रेडिओ हे भाषेचे माहेर होते. तेथे तबकडी निवडण्याचा अधिकार श्रोत्याकडे नव्हता, वेळही त्याची नव्हती. लहरींच्या चढउतारात स्वर मध्येच बुडे आणि पुन्हा वर येई. पण हजारो घरांत त्याच क्षणी तेच गाणे वाजत आहे ही जाणीव रेडिओने प्रथम दिली.

आवड वाटून घेण्याची एक नवी रीतही रेडिओने घालून दिली. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमात श्रोत्यांनी पत्राने कळविलेली गाणी त्यांच्या नावांसह लागत. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास दार लावले तेव्हा श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी सुरू झालेली अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली. आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करणे आकाशवाणीला भाग पडले. फर्माइशी पाठविण्यासाठी बिहारमधील (आता झारखंडात असलेले) झुमरी तलैया हे छोटे गाव देशभर प्रसिद्ध झाले. काही पैशांच्या पोस्टकार्डावर आपले नाव आणि आपले गाणे एकत्र उच्चारले जावे, एवढीच त्या माणसांची अपेक्षा होती. आवड ही एकट्याने बाळगावयाची नसून चारचौघांत सांगावयाची गोष्ट आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

दीर्घध्वनिमुद्रिकेने ख्यालाला त्याचा वेळ परत दिला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. किशोरी आमोणकर यांचे भूप आणि बागेश्री यांचे गायन अनेकांच्या कानांत अशाच तबकडीतून रुजले. आलापीतील विसावा, दोन स्वरांमधील शांतता घरात बसून ऐकणे प्रथमच शक्य झाले. या यंत्राने लोकांना गप्प बसून ऐकावयास शिकविले हा त्याचा गुण. दाद देणारी बैठक दिवाणखान्यात शिष्टासारखी बसली हा त्याचा दोष.

कॅसेटने हे शिष्टपण मोडले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही फीत भारतात ऐंशीच्या दशकात घरोघर पोहोचली. तिचा मोठा विशेष असा की, ती वाजविणारे यंत्र ध्वनी टिपूनही घेई. रेडिओवरचे गाणे, गणेशोत्सवातील गायन, मित्राकडची दुर्मीळ बैठक साठ वा नव्वद मिनिटांच्या फितीवर उतरवून हाताने नाव लिहून दुसऱ्याला देता येऊ लागली. प्रतीवरून प्रत काढताना सळसळ वाढे व स्वर मळकट होई; पण त्या मळकटपणातच ते गाणे किती हातांतून आले याची नोंद असे. शिवाय मोठ्या कंपन्यांना न परवडणारे बोलींतील संगीत कॅसेटने बाजारात आणले.

याच मार्गाने तिसरी दिशा, खानदेश, बोलू लागली. उधना, लिंबायत या भागांत यंत्रमागांच्या आणि कापड प्रक्रियेच्या कामासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या ओव्या, लग्नगीते, कानबाईची गाणी यांना ग्रामोफोनच्या काळात फारसे स्थान मिळाले नव्हते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे भाग्य वेगळे. स्वतःला लिहिता येत नसता त्यांनी रचलेल्या ओव्या आप्तांनी टिपून ठेवल्या, त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाद्वारे तबकडीवर गेल्या. ज्यांच्या ओव्या कोणी टिपल्या नाहीत, अशा असंख्य बहिणाबाईंचे आवाज जात्याबरोबर थांबले. आज अहिराणी गाणी मोबाइलवर मुबलक ऐकावयास मिळतात. परंतु ती बहुतांशी नव्या रचना आहेत. आजीची ओवी त्यांत शोधून सापडेलच असे नाही.

मोबाइलने तीनही दिशा तळहातावर आणून ठेवल्या. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या, बालगंधर्वांची पदे, खानदेशी लोकगीते हे सारे क्षणात मिळते, मागाच्या खडखडाटातून सुटलेल्या कामगारालाही मिळते, आणि ही लहान गोष्ट नव्हे. गाणे पाठविणेही सोपे झाले. तथापि पाठविलेले गाणे ऐकले गेले की नाही हे पाठविणाऱ्याला कळत नाही. एकाच खोलीतील चौघांच्या कानांत चार गाणी असतात. पुढचे गाणे मित्राऐवजी यंत्रच सुचविते. जुन्या तबकडीचे ध्वनिरूप अनेकदा चुकीच्या गतीने घेतलेले असते. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसल्याने पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. ‘हे असे नव्हे’ म्हणून सांगणारा जाणकार बैठकीत नसल्यामुळे चूक तशीच पुढे जाते.

ग्रंथालयाच्या शताब्दीत या विषयाला स्थान असण्याचे कारण येथे आहे. ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याला वाचावयास मिळावे, आणि वाचलेल्यावर बोलावयास चार माणसे भेटावीत, यासाठी ग्रंथालय असते. पुस्तकांच्या बाबतीत जे शंभर वर्षे झाले ते ध्वनीच्या बाबतीत व्हावयाचे राहिले आहे. सुरतेत त्याची निकडही अधिक. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. चिखलाच्या पाण्यात कॅसेटची फीत चिकटते, तबकडीवरचे नावाचे लेबल निघून जाते आणि मग कोणता आवाज कोणाचा हेही उमगत नाही. घराघरांत विखुरलेला ठेवा एका पुराच्या अंतरावर असतो.

उपाय फार खर्चाचा नाही. कोणत्या सभासदाकडे कोणत्या तबकड्या व फिती आहेत याची यादी करणे ही पहिली पायरी. योग्य गती लावून त्यांची ध्वनिरूपे घेणे ही दुसरी. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे लाखेच्या तबकड्यांचा बहुतांश काळ आता मुक्त झाला आहे. काव्य व चाल यांवरील हक्क स्वतंत्र असतात, एवढे ध्यानात ठेवावे लागेल. तिसरी पायरी सर्वांत तातडीची : ज्या वृद्ध स्त्रियांच्या मुखी अद्याप ओव्या आहेत त्यांचा आवाज नाव, गाव आणि तारखेसह टिपून घेणे. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि महिन्यातून एकदा वाचनकक्षात कर्णफुले बाजूला ठेवून एकाने आणलेले गाणे सर्वांनी मिळून ऐकावे. ते आपल्याला का आवडले हे आणणाऱ्याने सांगावे, चुकत असेल तर जाणकाराने दुरुस्त करावे.

भास्करबुवांचा आवाज आता मिळणार नाही. परंतु तो हरपल्यावरही त्यांचे गाणे उरले ते शिष्यांनी समोर बसून ऐकले, पुन्हा गायले आणि इतरांना ऐकविले म्हणून. तबकडी, लहरी, फीत आणि तळहातावरचे यंत्र ही या कामातील साधने आहेत. काम मात्र माणसानेच माणसासाठी करावयाचे आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात त्याला प्रारंभ झाला, तर कठोर गावच्या त्या मुक्या राहिलेल्या गुरूचे थोडे ऋण फिटेल.