चार आणे ते दोन रुपये

मुंबईत चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला. ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने आणलेली ती मिनिटभराची चित्रं पाहायला सरसकट एक रुपया पडे. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि थोड्याच दिवसांत दरपत्रकही बदललं. चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय झाली. पडद्यावर कथा नव्हती, नट नव्हते, आवाज तर नव्हताच. पण प्रेक्षकांची प्रतवारी तयार होती. जुन्या आलिशान चित्रपटगृहांविषयी हल्ली जे हळवं लेखन होतं, त्यात हे दरपत्रक सहसा येत नाही. त्यांची भव्यता सिनेमाच्या वेडातून उभी राहिली, असं गृहीत धरलं जातं. मला ते पटत नाही. या वास्तू उभ्या राहिल्या त्या वरच्या दराच्या प्रेक्षकाला सिनेमा पाहणं प्रतिष्ठेचं वाटावं म्हणून, आणि तो प्रेक्षक उठून गेला तेव्हा त्या खचल्या.

वेडाचा पुरावा हवा असेल तर तो साध्या थिएटरांतच सापडतो. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात. पुढे महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबूत टूरिंग टॉकीज चालली. तिथे माणसं जमिनीवर बसत, रीळ बदलेपर्यंत थांबत आणि मशीनच्या घरघरीतही चित्रपट मन लावून पाहत. सिनेमाच्या ओढीला संगमरवरी जिना लागत नव्हता.

मग तो कोणाला लागत होता? ‘रीगल’ पाहिलं की उत्तर मिळतं. फ्रामजी सिधवा यांनी १९३३ साली कुलाब्याला हे थिएटर सुरू केलं. आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. बोरीबंदर स्थानक उभारणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे ते चिरंजीव. आतली सजावट कार्ल शारा या चेक कलावंताची, फिक्या नारिंगी आणि हिरव्या रंगातल्या सूर्यकिरणांची. प्रेक्षागृह वातानुकूलित होतं आणि तळघरात मोटारी ठेवायची सोय होती. मोटारीतून सिनेमाला येणारा माणूस १९३३च्या मुंबईत किती जणांमध्ये एक असेल, याचा विचार केला की मालकाच्या डोळ्यांसमोरचा गिऱ्हाईक कोण, ते कळतं. पहिला चित्रपट लॉरेल-हार्डीचा होता. १९३८ साली न्यूयॉर्कच्या टॉमस लॅम्ब यांच्या आराखड्यावर धोबी तलावाला ‘मेट्रो’ उभं राहिलं. ते एमजीएम या अमेरिकन कंपनीने स्वतःचे चित्रपट दाखवण्यासाठीच बांधलं होतं. भिंतीवरची चित्रं मात्र चार्ल्स जेरार्ड यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी काढली होती. त्याच वर्षी चर्चगेटला कंबाटांचं ‘इरॉस’ सुरू झालं. म्हणजे दक्षिण मुंबईतला हा सगळा थाट प्रामुख्याने हॉलिवूडच्या वाट्याला गेला. देशी चित्रपटांचा बाजार गिरगाव आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजूला. हबीब हुसेन यांनी १९४९ साली ‘लिबर्टी’ बांधलं ते ही विषमता मोडण्यासाठी. पहिला चित्रपट मेहबूब खान यांचा ‘अंदाज’ होता. देश स्वतंत्र झाल्यावर हिंदी चित्रपटालाही मानाची वास्तू हवी, असं एका मालकाला वाटलं, यातच ती वास्तू काय विकत होती हे आलं.

यावर कोणी म्हणेल, बोलपट आल्यावर आवाजासाठी बंदिस्त आणि नीट बांधलेलं प्रेक्षागृह लागणारच, आणि मुंबईच्या उकाड्यात वातानुकूलन ही चैन नव्हे. बरोबर आहे. पण आवाजाला तळघरातल्या मोटारी लागत नाहीत, आणि उकाडा पिटातल्या प्रेक्षकालाही होत होताच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दिवे मालवल्यावर गिरणी कामगार आणि बॅरिस्टर एकाच छताखाली एकाच विनोदाला हसत, मग हे सगळ्यांना जवळ आणणारं ठिकाण नव्हतं का? होतं, पण मर्यादित अर्थाने. स्टॉल, ड्रेस सर्कल आणि बाल्कनी यांच्या खिडक्या वेगळ्या असत. कित्येक थिएटरांत स्वस्त तिकिटाचा माणूस बाजूच्या गल्लीतून आत येई आणि तसाच बाहेर पडे. मुख्य दालनातला जिना त्याच्या वाट्याला येत नसे. तरी हेही मान्य केलं पाहिजे की मालकाला दोघांचीही गरज होती. बाल्कनीतून नफा आणि नाव मिळे. चित्रपट पंचवीस आठवडे ओढायला खालची गर्दी लागे. रौप्यमहोत्सवांचा जमाखर्च या दोन्ही मजल्यांवर मिळून बसे.

म्हणूनच मल्टिप्लेक्सने ही थिएटरं मारली हे नेहमीचं निदान अर्धवट वाटतं. मल्टिप्लेक्स नंतर आलं. १९८२नंतर रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घरात आले ते आधी बाल्कनीतल्या कुटुंबांच्या घरात. वरच्या खुर्च्या रिकाम्या पडल्यावर डागडुजीचे पैसे कुठून यायचे? खुर्च्या फाटल्या, वातानुकूलन बंद पडलं, मग उरलेली कुटुंबंही येईनाशी झाली. मालकावर करमणूक कराचं ओझं होतंच. नव्या शतकात राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमाफी दिली आणि बाल्कनीतला प्रेक्षक परत आला, पण दुसऱ्या दारात. त्या दारात चार आण्यांची खिडकी नव्हती. मुंबई सेंट्रलचं ‘मराठा मंदिर’ याचा उलटा दाखला देतं. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ तिथे थाटात लागला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने २०१४ साली हजार आठवडे पुरे केले, तेव्हा बाल्कनीचं तिकीट वीस रुपयांच्या घरात होतं. प्रतिष्ठेची मागणी संपल्यावरही स्वस्त तिकिटाने ते थिएटर धरून ठेवलं.

२०१८ साली मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं; त्यात रीगल आणि इरॉस आहेत. इरॉस २०२४ साली पुन्हा उघडलं ते आयमॅक्स पडदा घेऊन. पूर्वी तिथे हजाराहून अधिक खुर्च्या होत्या, आता तीनशेच्या आसपास आहेत. दर्शनी भाग जपला हे चांगलंच झालं. पण वारशाच्या नोंदी करणाऱ्यांनी बाजूच्या गल्लीतलं दार, पिटाची तिकीटखिडकी आणि खालच्या वर्गाचा वेगळा जिना यांचेही नकाशे, मोजमापं आणि फोटो वेळेत करून ठेवावेत. दुरुस्तीच्या कामात सर्वांत आधी पाडलं जातं ते हेच.