शिबीर की रुग्णालय? प्रश्नच चुकीचा

दुर्गम भागातल्या शस्त्रक्रिया शिबिरांवर टीका करणे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांत आता रूढ झाले आहे. त्यांचे म्हणणे असे : शहरातले सर्जन येतात, दोन दिवस शस्त्रक्रिया करतात आणि निघून जातात. पुढे टाका पिकला तर पाहायला कोणी नसते. शिवाय कायमची सोय न करायला सरकारला आयती सबब मिळते. ही टीका कळकळीची आहे. पण ती खरी आहे काय?

पुरावा म्हणून छत्तीसगडमधले बिलासपूर हमखास पुढे केले जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथे काही तासांत 83 स्त्रियांची नसबंदी झाली. त्या आठवड्यातल्या शिबिरांत डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. पण शिबीर सरकारी होते, सर्जन सरकारी नोकर होता आणि त्याच वर्षी नसबंदीच्या संख्येबद्दल त्याचा सत्कार झाला होता. यात बाहेरून आलेल्या सेवाभावी डॉक्टरचा दोष कुठे?

पाठपुराव्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. शोधग्राममधल्या 'सर्च' या संस्थेच्या मा दंतेश्वरी रुग्णालयात बाहेरचे सर्जन शिबिरांसाठी येतात. ते परतले तरी वॉर्ड आणि परिचारिका तिथेच असतात. रुग्णालय बारमाही आहे, शिबीर त्याच्या पोटात होते. जिल्ह्यात हत्तीरोग आहे. त्यातून अंडकोषात पाणी साचून हायड्रोसील वाढलेल्या माणसाला रोवणीच्या चिखलात वाकता येत नाही, चारचौघांत बसायचीही लाज वाटते. त्याला 'शिबीर नको, व्यवस्था हवी' असे सांगणाऱ्याने अजून किती रोवण्या थांबायचे तेही सांगावे.

आता सबबीचा मुद्दा. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या आकडेवारीत ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जनांची उणीव सुमारे 83 टक्के आहे. ही उणीव शिबिरांमुळे असेल, तर जिथे शिबीर कधी झालेच नाही तिथे सर्जन हजर हवेत. आहेत काय? नाहीत.

एका ठिकाणी मात्र टीकाकारांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. टाळू फाटलेल्या मुलाचे काम एका शस्त्रक्रियेत संपत नाही. पुढे वाचाउपचार लागतात, दात जुळवावे लागतात, अनेकदा आठव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीत हाड बसवावे लागते. आयोजकांनी अशा मुलांना शिबिराच्या यादीत घेऊ नये. त्यांना मोठ्या रुग्णालयाशी जोडून द्यावे आणि दर खेपेचे एसटीचे भाडे स्वतः भरावे.