मालिबूची मालकीण

कॅलिफोर्नियातील मालिबूचा किनारा मूळचा चुमाश लोकांचा. तेथील तेरा हजारांहून अधिक एकरांचे स्पॅनिशकालीन वतन १८९२ साली फ्रेडरिक रिंज या धनिकाने विकत घेतले. १९०५ मध्ये तो निवर्तला आणि त्याची विधवा मे रिंज हिने वाटसरूंना किनारा बंद केला. फाटके उभारली, बंदूकधारी पहारेकरी नेमले. परकी रेल्वे येऊ नये म्हणून स्वतःचाच लोहमार्ग टाकला! काहींना तिच्यात निसर्गाची राखणदार दिसते. मला मात्र तो मालकीहक्काचा हट्ट वाटतो. कारण १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्याच्या बाजूने कौल दिल्यावर, खटल्यांनी पोखरलेली तिजोरी भरण्यासाठी तिनेच १९२६ पासून चित्रपटतारकांना किनाऱ्यावरील भूखंड भाडेपट्ट्याने दिले. श्रीमंतांच्या आजच्या वसाहतीचा तो पाया. पुढे मंदीत तिची कंपनी बुडाली, जमीन विक्रीस निघाली. १९४१ मध्ये बाई वारली तेव्हा हाती फारसे उरले नव्हते. टेकडीवरचा तिचा अपुरा प्रासाद १९४२ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी विकत घेतला व तेथे तपसाधना केंद्र थाटले. १९७० च्या वणव्यात ती वास्तू बव्हंशी जळाली. पुन्हा उभारलेल्या केंद्रात बाईच्याच कारखान्यातील रंगीत नक्षीच्या फरश्या आजही पाहावयास मिळतात.